बाबांचे रिटायरमेंटचे ४५ लाख: ८ टक्के, साडेअकरा टक्के की "महिन्याला ४ टक्के"? कोल्हापूरकरांनी जरा सांगा

रंकाळाकाठ (नोव्हेंबर २०२५)

नमस्कार मंडळी. बाबा गेल्या महिन्यात रिटायर झाले. गोकुळ शिरगावला एका कंपनीत होते, पीएफ, ग्रॅच्युइटी, रजेचे पैसे असं सगळं धरून ४५ लाख हातात आलेत. पेन्शन ईपीएसची (पीएफबरोबरची), तीन हजाराच्या आत. घर स्वतःचं आहे, कर्ज नाही, माझं आणि बहिणीचं लग्न झालंय त्यामुळे तो खर्च नाही. आईबाबांना दोघांना औषधपाण्यासकट महिन्याला २५ हजार लागतात. बाबा ६० पूर्ण, आई ५६.

आता पैसे आलेत हे सगळ्या गावाला कसं कळलंय देव जाणे पण रोज कोणतरी घरी येतंय. बँकेत विचारलं तर ज्येष्ठ नागरिकाला सातच्या आसपास एफडी. नात्यातले एकजण एका पतसंस्थेत संचालक आहेत ते म्हणतात साडेदहा देतो, घरचीच संस्था आहे. ब्रोकरचा फोन आला, एनसीडीचा (कंपनीला व्याजानं पैसे द्यायचा रोखा) इश्यू आहे साडेअकरा टक्के, सिक्युअर्ड आहे. आणि बाबांचे कंपनीतले एक जुने सहकारी आहेत ते एका ट्रेडिंग कंपनीत पैसे लावतात, महिन्याला ४ टक्के, त्यांना वेळच्या वेळी मिळतात म्हणे. बाबा त्यांच्यावर लय विश्वास ठेवतात, वीस वर्षं एका शिफ्टला होते. बाबांचं म्हणणं १० लाख तिथं टाकू, ४० हजार महिना येईल, बाकीचे बँकेत राहूदेत, म्हणजे काळजीच नाही.

मला ते चार टक्क्याचं पटत नाहीये पण बाबांना पटवून सांगायला माझ्याकडं शब्द नाहीत. आणि खरं सांगायचं तर सातवर समाधान मानावं की जरा जास्त मिळेल असं काही सेफ असतं हेही मला नीट कळत नाही. जाणकारांनी वेळ काढून लिहावं ही विनंती.

निवृत्त_शाखाधिकारी

बाबांना आधी अभिनंदन सांगा. ४५ लाख ही कष्टाची रक्कम आहे, घाईत एकही रुपया हलवू नका. सेव्हिंग खात्यात महिनाभर पडले तर काही बिघडत नाही.

मी उलट्या बाजूने सुरुवात करतो. तुम्हाला जास्तीत जास्त किती मिळेल हा प्रश्न बाजूला ठेवा, तुम्हाला लागतात किती? २५ हजार. ते सरकारी हमीवर मिळतात का ते आधी बघू.

पोस्टाची किंवा बँकेतली सिनियर सिटिझन सेव्हिंग स्कीम (एससीएसएस), व्याज ८.२ टक्के, एप्रिल २०२३ पासून हाच दर आहे, मर्यादा एका माणसाला ३० लाख. ३० लाखावर वर्षाला २ लाख ४६ हजार होतात, दर तिमाहीला ६१,५०० खात्यावर जमा, म्हणजे महिन्याला २०,५०० पडले. उघडताना जो दर असेल तो पाच वर्षं कायम, मग तीन वर्षं वाढवता येते. त्यानंतर पोस्टाची मासिक प्राप्ती योजना, ७.४ टक्के, एकट्याच्या नावावर ९ लाख, जोड खात्यावर १५ लाख. ९ लाखावर महिन्याला ५,५५० येतात. झाले किती? २६,०५०. गुंतले ३९ लाख. वर पेन्शन आहेच. आणि ६ लाख अजून हातात शिल्लक.

म्हणजे तुमच्या घराची गरज एक पैशाची जोखीम न घेता भागते. आता जो कोणी दारात येईल त्याला बाबांनी फक्त एवढंच विचारायचं, माझं भागतंय, तर मी जास्तीची जोखीम कशासाठी घेऊ? हा प्रश्न ज्याचं भागत नाही त्याला विचारता येत नाही, बाबांना येतो, हे त्यांचं मोठं भाग्य आहे.

पतसंस्था आणि एनसीडीवर सविस्तर लिहितो रात्री.

शिरोळचा_ऊसवाला

सायबांनी बरोबर सांगितलंय. मी एक आमच्याकडचं सांगतो. कायद्यानं ऊस गेल्यापासनं १४ दिवसात एफआरपी (उसाचा सरकारनं ठरवलेला किमान दर) मिळायला पाहिजे, नाहीतर कारखान्यानं १५ टक्क्यानं व्याज द्यायचं असतंय, आता ते कितपत मिळतंय हा वेगळा विषय. पण बिल जमा झालं की आठवड्याच्या आत हे असले स्कीमवाले गावात येत्यात. कुणाच्या खात्यावर किती आलं हे त्यांना आमच्याआधी म्हाईत असतंय. आणि येणारा माणूस परका नसतोय, आपलाच भावकीतला, नायतर तालमीतला, नायतर शाळामास्तर. परक्यानं येऊन सांगितलं असतं तर कोण ऐकलं असतं? म्हणून रंकाळाकाठ भावा, वीस वर्षं एका शिफ्टला होते ही गोष्ट त्या माणसाबद्दल काय ते सांगती, त्या कंपनीबद्दल काय सांगत नाही. ते सहकारी मनानं चांगलेच असतील. त्यांना मिळत्यात म्हणून ते सांगत्यात.

कळंबा_रोड

मी पण अशाच एका ठिकाणी पैसे ठेवलेत, म्हणून लिहितो. सगळेच फ्रॉड असतात असं नाही. मला गेले कित्येक महिने दर महिन्याच्या १० तारखेला ४ टक्के न चुकता येतात. ते शेअर मार्केटमध्ये ऑप्शन सेलिंग (पुढच्या भावावरचे सौदे विकणं) करतात, टीम आहे, ऑफिस आहे राजारामपुरी भागात, आम्हाला स्टॅम्पपेपरवर करार करून दिलाय आणि मुद्दलाचा पुढच्या तारखेचा चेक पण दिलाय. बँका आपल्याच पैशावर किती कमावतात आणि आपल्याला सहा-सात देतात. जोखीम तर सगळीकडेच आहे, सहकारी बँका बुडाल्या नाहीत का? मी कुणाला टाका म्हणत नाही पण एकदम नावं ठेवू नयेत.

निवृत्त_शाखाधिकारी

कळंबा रोड, तुम्ही मोकळेपणानं लिहिलंत ते बरं झालं, इथं तुमच्याविरुद्ध कुणी नाही. मी तुमच्याच आकड्यांनी बोलतो.

४ टक्के महिना म्हणजे १० लाखाला ४० हजार. तुमचं मुद्दल तुमच्याकडं परत यायलाच २५ महिने लागतात. तोपर्यंत तुमच्या हातात पडतंय ते तुमचंच आहे, नफा अजून सुरूच झालेला नाही. समजा दहाव्या महिन्याला बंद पडलं तर ४ लाख मिळाले, ६ लाख गेले. आणि ते दहा महिने तुम्ही सगळ्यांना सांगत असता की न चुकता येतात. त्यामुळं वेळेवर पैसे येणं हा पुरावा होत नाही. असली योजना जोपर्यंत नवीन माणसं येतात तोपर्यंत वेळेवरच देते, तेच तिचं भांडवल असतं.

दुसरं, देणाऱ्याच्या जागी बसून बघा. वर्षाला ४८ टक्के तो तुम्हाला देतो, वर आणणाऱ्याला कमिशन, ऑफिसभाडं, पगार. म्हणजे त्याला साठ-सत्तर टक्के तरी कमवावे लागतील, दरवर्षी, एकही महिना तोटा न होता. ज्याला हे जमतं त्याला बँक बारा-चौदा टक्क्यानं तारण कर्ज देईल की. तो तुमच्याकडून ४८ टक्क्यानं कशाला घेईल? मी कर्ज विभागात आयुष्य काढलं, जो माणूस बाजारभावाच्या चौपट व्याज द्यायला तयार होतो त्याच्याकडं दुसरीकडं कुठं पत शिल्लक नसते.

ऑप्शनचं म्हणाल तर सेबीनं (शेअर बाजारावर देखरेख करणारी संस्था) सप्टेंबर २०२४ ला अभ्यास दिला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओ (फ्युचर्स आणि ऑप्शन) मध्ये व्यवहार करणाऱ्या व्यक्तिगत लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात होते, एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर. ऑप्शन विकणाऱ्याला बरेच महिने थोडं थोडं मिळतं हे खरं आहे, आणि एका दिवसात बाजार फिरला की वर्षाचं जातं हेही तितकंच खरं आहे. दर महिन्याला एकसारखे ४ टक्के हा आकडा ट्रेडिंगमधून येतच नाही, ट्रेडिंगचा आकडा वरखाली होतो.

एक विनंती, तुमचा करार काढून त्यात पैशाचं वर्णन काय लिहिलंय ते वाचा आणि इथं सांगा.

मंगळवारपेठ_ताई

मी पतसंस्थेवर लिहिते कारण आमच्या बचत गटाचे पैसे ठेवताना मला हा सगळा अभ्यास करावा लागला.

पहिली गोष्ट, बँकेच्या ठेवीला (सहकारी बँक धरून) ५ लाखांपर्यंत ठेव विमा असतो, मुद्दल आणि व्याज मिळून, एका बँकेत एका माणसाला. फेब्रुवारी २०२० च्या आधी तो एक लाखच होता. पतसंस्थेला हा विमा नाही. पतसंस्था रिझर्व्ह बँकेखाली येत नाही, सहकार खात्याखाली येते. बोर्डावर नाव कसंही असलं आणि काउंटर कितीही बँकेसारखं दिसलं तरी नाही. त्यामुळे साडेदहा आणि सात ही तुलना करताना वरचे साडेतीन टक्के हे विमा नसल्याबद्दल मिळतायत असं धरायचं.

आता याचा अर्थ पतसंस्था वाईट असा अजिबात नाही. कोल्हापुरात कित्येक माणसांना बँकेनं उभं केलं नसतं तेव्हा पतसंस्थेनं कर्ज दिलंय. पण संस्था बघून ठेवावी. आणि संचालक नात्यातले आहेत यानं काही कळत नाही, वार्षिक अहवालानं कळतं. तो मागायचा, सभासदाला मिळतो.

अहवालात काय बघते ते सांगते. ऑडिट वर्ग अ आहे का, आणि एकाच वर्षी आहे की दरवर्षी. मग कर्जाची यादी, त्यात सोनेतारण किती, घरतारण किती आणि नुसत्या दोन जामिनदारांवर दिलेलं किती. सोनेतारण जास्त असेल तर जीव जरा निवांत. मग थकबाकी, निव्वळ नाही, ढोबळ (तरतूद वजा न करता सगळी) बघायची, कारण निव्वळ एनपीए (थकीत कर्ज) शून्य असं मोठ्या अक्षरात छापतात आणि ढोबळ आतल्या पानावर असते. आणि एक जागा बहुतेक लोक बघतच नाहीत, ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला "येणे व्याज" असं असतं. ते जर नफ्याच्या कितीतरी पट असेल आणि दरवर्षी वाढत असेल तर विचार करा, व्याज पुस्तकात धरलंय पण कर्जदारानं ते दिलेलं नाही. आम्ही एका संस्थेचे लागोपाठचे तीन अहवाल टेबलावर शेजारी शेजारी ठेवून बघितले, लाभांश तोच, ठेवी वाढलेल्या, फोटो छान, आणि येणे व्याज पहिल्यापेक्षा तिसऱ्यात जवळजवळ दुप्पट. तिथं आम्ही ठेवले नाहीत.

आणि लाभांशाबद्दल, शेअर्स घ्या १५ टक्के डिव्हिडंड देतो असं पण सांगतात. सहकार कायद्यात १५ ही वरची मर्यादा आहे. शेअर म्हणजे ठेव नाही, तो विम्यात बँकेचा असला तरी बसत नाही आणि संस्था अडचणीत आली की सगळ्यात शेवटी त्याचा नंबर.

उद्यमनगर_लेथ

ताईंच्या पोस्टला जोडून एक मुद्दा जो मला फार महत्त्वाचा वाटतो आणि जो कोण बोलत नाही.

माझं छोटं मशीन शॉप आहे. माझी कमाई फौंड्रीवर, फौंड्रीची कमाई गाड्यांच्या आणि ट्रॅक्टरच्या कंपन्यांवर. आता मी माझी शिल्लक जर गल्लीतल्याच संस्थेत ठेवली तर ती संस्था कर्ज कुणाला देते? मलाच, माझ्या शेजारच्या शेडवाल्याला, फौंड्रीला माल पुरवणाऱ्याला. ऑर्डरी कमी झाल्या की आधी ओव्हरटाइम बंद होतो, मग शिफ्ट कमी होते, मग हप्ते थकायला लागतात, आणि नेमकं त्याचवेळी आपल्यासारखे सगळे ठेवीदार घरखर्चासाठी ठेवी मोडायला जातात. म्हणजे माझं काम, माझ्या पोराची नोकरी, माझी ठेव, सगळं एकाच कारणानं एकाच महिन्यात आजारी पडतं. उसाच्या पट्ट्यात हेच साखरेचं, इचलकरंजीत मागाचं, हुपरीत चांदीचं.

व्याजदर बघताना माणूस संस्थेची जोखीम बघतो, पण ती जोखीम आपल्या बाकीच्या आयुष्याच्या जोखमीशी जोडलेली आहे का हे बघत नाही. म्हणून मी माझ्या व्यवसायाच्या बाहेरचं, जमलं तर जिल्ह्याच्या बाहेरचं काहीतरी ठेवतो. व्याज कमी मिळालं तरी चालेल पण इथं मंदी आली की ते उभं राहिलं पाहिजे. रंकाळाकाठ, तुमची नोकरी कशात आहे? तुमची पण एमआयडीसीत असेल तर बाबांचे पैसे सगळे लोकल ठेवूच नका.

शाहूपुरीतला

उद्यमनगरशी शंभर टक्के सहमत. २०१९ चा महापूर आठवा. व्हीनस कॉर्नर, शाहूपुरी, आमचं दुकान तळमजल्याला, पाणी उतरल्यावर माल सगळा चिखलात. त्यावेळी कागदावर किती टक्के मिळतायत याला शून्य किंमत होती, हातात काय येतंय याला होती. बँकेची एफडी मोडली, दंडाचं व्याज एक टक्का गेलं, संध्याकाळी पैसे खात्यावर. ओळखीच्या एकांचे पैसे प्लॉटमध्ये अडकलेले, भाव चांगला होता पण त्या महिन्यात घेणारा कोण? २०२१ ला परत तेच.

म्हणून त्या ६ लाखांना हात लावू नका. हे साध्या एफडीत, दोन-तीन पावत्या करून ठेवा म्हणजे गरजेला एकच मोडता येते. घरात दोन वयस्क माणसं आहेत, हॉस्पिटलचं डिपॉझिट रात्री अकराला भरायला लागतं. आणि जमलं तर बाबांना ज्येष्ठांची मेडिक्लेम आत्ताच काढा, जास्त व्याज शोधण्यापेक्षा त्याचा फायदा मोठा आहे.

बॉन्डवाला_पुणे

मी मूळचा कसबा बावड्याचा, सध्या पुण्यात. इथं एनसीडीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, कारण मी स्वतः घेतो आणि ती वाईट गोष्ट नाही. फक्त गणित करून घ्यायची.

समजा सरकारी रोखा ७ देतो आणि हा एनसीडी ११.५. वरचे साडेचार टक्के. १० लाखावर वर्षाला ४५ हजार जास्त. आता कंपनी तिसऱ्या वर्षाच्या शेवटी बुडाली आणि १० तले ३ लाखच परत आले असं धरा. गेले ७ लाख, जास्तीचे मिळाले होते १ लाख ३५ हजार. ७ लाखाचा खड्डा ४५ हजारानं भरायला साडेपंधरा वर्षं लागतात. हेच उलटं मांडलं तर असल्या शंभर कंपन्यांपैकी वर्षाला सहाच्या वर बुडत असतील तर हे साडेचार टक्के पुरेसे नाहीत, त्यापेक्षा कमी बुडत असतील तर पुरतात. म्हणून एनसीडी हा एकाच कंपनीत १० लाख टाकायचा प्रकार नव्हे, दहा वेगवेगळ्या कंपन्यांत एकेक लाख असेल तर अर्थ आहे. आणि ज्याला बाजारात शेअर, डिबेंचर काय असतं ते कळतं त्यानंच.

सिक्युअर्ड या शब्दावर पण जाऊ नका. तारण असतं पण ते विकून पैसे यायला वर्षं जातात, आणि फायनान्स कंपनीचं तारण म्हणजे तिनं दिलेली कर्जंच असतात बहुतेक वेळा. ती कर्जं वसूल होत नाहीत म्हणून तर कंपनी बुडलेली असते.

निवृत्त_शाखाधिकारी

बॉन्डवाल्यांचं गणित उत्तम, मी फक्त रेटिंगबद्दल (कंपनी पैसे फेडेल का याला दिलेला दर्जा) भर घालतो, कारण ब्रोकर तेच पुढं करतो. आयएल अँड एफएस या फायनान्स कंपनीचं रेटिंग २०१८ च्या मध्यापर्यंत ट्रिपल ए, म्हणजे सगळ्यात वरचं होतं आणि सप्टेंबर २०१८ ला त्यांनी पैसे थकवले. रेटिंग बघायचंच, पण ते आजचं मत असतं, पाच वर्षांची हमी नव्हे. ए च्या खालचं असेल तर बाबांच्या वयाला नाही म्हणा आणि विषय सोडा.

अजून एक प्रकार लक्षात ठेवा. बँकेचं नाव असलं म्हणून तो कागद ठेव होत नाही. येस बँकेचे एटी-१ बॉन्ड (बँक अडचणीत आली तर शून्य होऊ शकणारे रोखे) होते, एफडीपेक्षा जास्त व्याज, बरेच ज्येष्ठ लोक मोठ्या बँकेचे आहेत म्हणून घेऊन बसले. मार्च २०२० ला बँक वाचवताना ८,४१५ कोटींचे ते बॉन्ड शून्य केले गेले, प्रकरण कोर्टात गेलं. त्याच बँकेतल्या ठेवीदारांना काही दिवस ५० हजारांची मर्यादा आली पण पैसे सुरक्षित राहिले. बँक एकच, इमारत एकच, कागद वेगळा. म्हणून सही करण्याआधी विचारायचं, ही ठेव आहे का, विमा आहे का, हो असेल तर पावतीवर दाखवा.

सहकारी बँकांचं कळंबा रोड यांनी विचारलं होतं. हो, बुडाल्या. पीएमसी बँकेवर सप्टेंबर २०१९ ला निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खात्यामागे एक हजार रुपये काढायची परवानगी होती. फार वाईट दिवस होते ते. त्यानंतर २०२१ ला कायदा बदलला, आता निर्बंध आले तर विम्याचे ५ लाखांपर्यंतचे पैसे ९० दिवसांत द्यायला लागतात. म्हणून सहकारी बँकेत ठेवायचंच असेल तर व्याज धरून ५ लाखांच्या आत राहतील असं ठेवा, म्हणजे ठेव साडेचार लाखाची वगैरे. ही जोखीम मोजता येते, तिला तळ आहे. स्टॅम्पपेपरवाल्याला तळ नाही.

कणेरीमठ_रोड

सगळं छान आहे पण महागाईचं काय? आज २५ हजार लागतात, वर्षाला पाच टक्क्यानं धरलं तर दहा वर्षांनी ४० हजारांच्या वर लागतील. एससीएसएसचं व्याज तेवढंच राहणार, मुद्दल तेवढंच राहणार. साठीचा माणूस आता पंच्याऐंशीपर्यंत जगतो. जोखीम न घेणं ही पण जोखीमच आहे. माझ्या मते थोडे तरी इंडेक्स फंडात (निफ्टीसारख्या निर्देशांकातले शेअर घेणारा म्युच्युअल फंड) जायला हवेत.

बॉन्डवाला_पुणे

मुद्दा बरोबर आहे आणि मला वाटतं जास्त परतावा शोधायची खरी जागा हीच, महिन्याच्या खर्चाच्या पैशात नव्हे तर ज्या पैशाला सात-आठ वर्षं हात लागणार नाही त्यात. पण मार्च २०२० ला निफ्टी जानेवारीच्या शिखरावरून जवळपास ३८ टक्के खाली आला होता. तेव्हा बाबा रात्री झोपतील का हे आधी ठरवा. जे झोपणार नाहीत ते तळाला विकून बाहेर पडतात, मग फंड चांगला असून उपयोग नाही.

मधला एक मार्ग, रिझर्व्ह बँकेचे फ्लोटिंग रेट बॉन्ड. आत्ता ८.०५ टक्के, एनएससीच्या (राष्ट्रीय बचत पत्राच्या) दराच्या वर ०.३५, दर सहा महिन्यांनी दर बदलतो, सात वर्षं अडकतात. ज्येष्ठांना थोडं आधी मोडता येतं, ६० ते ७० वयाला सहा वर्षांनी. सरकारी हमी. पण २०२५ मध्ये नोव्हेंबरपर्यंत रेपो (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दरानं पैसे देते तो) साडेसहावरून साडेपाचवर आला, त्यामुळे दर खाली जायची शक्यता धरा. म्हणूनच एससीएसएसचा ८.२ आत्ता पाच वर्षांसाठी बांधून घेणं जास्त बरं.

रंकाळाकाठ

काल रात्री हा सगळा धागा बाबांना वाचून दाखवला. ते २५ महिन्यांचं गणित त्यांनी स्वतः कागदावर मांडलं, बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले की मग त्यालाही सांगायला पाहिजे. त्या सहकाऱ्यांना. आज त्यांना घरी बोलावलंय.

ठरलं ते असं. ३० लाख एससीएसएस. मासिक प्राप्ती ९ लाख. ६ लाख एफडी, तीन पावत्या, दोन बँकांत, शाहूपुरीतला दादा म्हणाले तसं. लेथ दादा, माझी नोकरी पण एमआयडीसीतच आहे, तुमच्या पोस्टनंतर पतसंस्थेचा विषय सोडला, नातेवाईकांना मी स्वतः जाऊन नम्रपणे सांगणार आहे. इंडेक्स फंडात मी माझ्या पगारातून आईच्या नावानं महिन्याला थोडे टाकायला सुरुवात करतोय, त्याला बाबांचे पैसे नकोत.

एक शंका, टीडीएस (व्याज देतानाच कापायचा कर) कापतील का?

मंगळवारपेठ_ताई

छान ठरवलंत. ज्येष्ठांना एप्रिल २०२५ पासून वर्षाला एक लाखाच्या वर व्याज गेलं तर कापतात. बाबांचं एकूण उत्पन्न बघता नवीन पद्धतीत कर शून्यच येईल, तर कर कापू नका असं सांगणारा फॉर्म (२०२५ मध्ये तो फॉर्म १५एच) पोस्टात आणि दोन्ही बँकांत भरून द्या, दर आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला परत द्यायला लागतो, एप्रिल विसरू नका. आणि सगळीकडं नॉमिनी आईंचं नाव. पैसे मिळाल्यावर तीन महिन्यांत एससीएसएस उघडायची ही अट ५५ ते ६० मधल्यांना आहे, बाबांना ६० पूर्ण असल्यानं ती नाही, तरी उशीर नको.

कळंबा_रोड

शाखाधिकारी सर, करार वाचला. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर आहे, नोटरी आहे. त्यात लिहिलंय "व्यवसायासाठी हातउसने घेतले". ट्रेडिंगचं काही नाही. गुंतवणूक हा शब्दच नाही. ४ टक्के पण कुठं लिहिलेलं नाही. मी त्यांना मुद्दल परत मागितलं तर म्हणाले मार्चनंतर बघू. आता काय करावं?

निवृत्त_शाखाधिकारी

घाबरू नका आणि भांडू नका, आधी कागद गोळा करा. मूळ करार, चेक, तुम्ही पैसे दिल्याचे बँक स्टेटमेंट, दर महिन्याला आलेल्या पैशांच्या नोंदी, व्हॉट्सअ‍ॅपवरचं सगळं बोलणं, सेमिनारचे मेसेज, ज्यांनी आणलं त्यांचे मेसेज, यातलं काहीही डिलीट करू नका, दोन ठिकाणी कॉपी ठेवा. मूळ कागद कुणालाही, "रिन्यू करून देतो" म्हणाले तरी, देऊ नका. काही रोखीत दिले असतील तर त्याचीही पोच आहे का बघा. मुद्दल परत मागितल्याचं पत्र लेखी, स्पीड पोस्टानं पाठवा.

चेकवरची तारीख बघा. त्या तारखेपासून तीन महिन्यांत तो बँकेत टाकायला लागतो. परत आला तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस जायला हवी, त्यांना पैसे द्यायला १५ दिवस मिळतात, नाही दिले तर पुढच्या महिन्याभरात कोर्टात तक्रार. या तारखा चुकल्या की कलम १३८ (चेक न वटल्याचा गुन्हा) हातातून जातं, म्हणून वकील आजच गाठा. हातउसने लिहिलं असलं तरी बऱ्याच लोकांकडून असेच पैसे घेतले असतील तर महाराष्ट्रात ठेवीदारांच्या हितरक्षणाचा १९९९ चा कायदा आहे, एमपीआयडी म्हणतात, त्यात मालमत्ता जप्त करता येते, आणि २०१९ चा केंद्राचा अनियंत्रित ठेवींवर बंदीचा कायदा आहे. कुठला लागू होतो ते वकील सांगतील. तक्रार पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेत, आणि रिझर्व्ह बँकेच्या सचेत पोर्टलवर पण टाका. मालमत्ता शिल्लक असताना तक्रार गेली तर काहीतरी हाती लागतं, म्हणून मार्चची वाट बघू नका.

तुमच्या ओळखीनं अजून कुणी तिथं पैसे ठेवले असतील तर त्यांना आज फोन करा. मी शनिवारी दुपारी बिंदू चौकात असतो, कागद घेऊन आलात तर सोबत बसून लावून देईन, ठिकाण व्यक्तिगत संदेशात कळवतो. रंकाळाकाठ, तुमच्या बाबांच्या त्या सहकाऱ्यांनाही यायचं असेल तर घेऊन या.